झोळीत काय असते

लहानपणी मी जेवताना त्रास दिला की आजी ठरलेले वाक्य म्हणत असे, "गप जेव, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल." बार्शीजवळच्या आमच्या गावात हा धाक घरोघरी दाखवला जाई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. पण तोच गोसावी सुगीच्या दिवसांत डौर वाजवत दारात आला आणि त्याने "अलख निरंजन" असा पुकारा केला, की हीच आजी मापटेभर ज्वारी सुपात घेऊन बाहेर येई, त्याला ओट्यावर बसवून पाणी देई, त्याच्या लेकीचे लग्न ठरले का याची चौकशी करी आणि मला पुढे करून त्याच्या पाया पडायला लावी. मी वाकताना त्याच्या पायांकडे न पाहता झोळीकडे पाहत असे. तिच्या तळाशी माझ्याएवढे मूल मावेल का, याचा अंदाज घेत असे.

गेली चार वर्षे मी सामाजिक मानसशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी म्हणून अफवांचा अभ्यास करते आहे. या विषयावर बोलताना मानसशास्त्र, राजकारण, मोबाइल आणि सिनेमा यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येत नाही, हे मला फार लवकर कळले. ते कशामुळे कळले, ते मात्र आजवर मी कुठे लिहिले नव्हते.

जून २०१८ मध्ये बारावीचा निकाल लागला होता आणि मी पुण्यातल्या प्रवेशाच्या खटपटीत होते. त्या महिन्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओ आला. पोरे पळवणारी टोळी आपल्या भागात उतरली आहे, ती माणसे साधूच्या आणि भिकाऱ्याच्या वेशात फिरतात, मुलांच्या किडन्या काढून विकतात, आपापली लेकरे सांभाळा, असे त्यात एक पुरुष सांगत होता. त्याचा श्वास लागला होता, मागे मोटारसायकलचा आवाज येत होता आणि त्याची बोली आमच्याच बाजूची होती. मी तो ऑडिओ शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर पाठवला. तो खरा वाटला म्हणून पाठवला असे मला म्हणता येणार नाही आणि खोटा वाटत असूनही पाठवला असेही नाही. एका मैत्रिणीची धाकटी बहीण अंगणवाडीत जात होती, ती डोळ्यांसमोर आली. खोटे असले तर काय बिघडले, पण खरे निघाले तर, एवढाच हिशेब मनात झाला आणि बोट पुढे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. तो रविवार होता आणि गावात आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे हे लोक भिक्षा मागण्यासाठी त्या भागात उतरले होते. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढ्यावरून पोरे पळवणारे आले अशी ओरड झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तिथे घुसून लोकांनी त्यांचा जीव घेतला. मृतांपैकी बहुतेक जण मंगळवेढा तालुक्यातले, म्हणजे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले होते. त्याच रात्री मालेगावातही अशाच संशयावरून जमावाने एका कुटुंबाला घेरले होते, त्यांच्यासोबत त्यांचे लहान मूल होते, आणि पोलिसांनी त्यांना मोठ्या शर्थीने वाचवले.

माझा ऑडिओ राईनपाड्याला पोहोचला नसणार, हे मला समजते. तरीही त्या रात्री मी फोन उघडून तो संदेश शोधला, तेव्हा त्याखाली मैत्रिणींनी दिलेले हात जोडलेले चिन्ह आणि "थँक्स गं, आईला पाठवते" अशी उत्तरे होती. माझ्या अभ्यासाची सुरुवात खरे तर त्या उत्तरांपासून झाली. कोणाच्याही मनात द्वेष नव्हता. सगळ्यांच्या मनात काळजी होती आणि ती काळजी हातोहात पुढे सरकत होती.

या विषयावरचे माझ्या मते सर्वांत मोलाचे काम भारतातच झालेले आहे आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ते पुरेसे माहीत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. गंगेचे पाणी भूकंपाच्या वेळी नाहीसे झाले आणि स्नान करणारे लोक वाळूत रुतले, नेपाळच्या सीमेकडून पुराचा लोंढा मधुबनीकडे येतो आहे, चंद्रग्रहणाच्या दिवशी याहून मोठा भूकंप होणार आहे, अशा त्या अफवा होत्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना हा निबंध वाचून एक कोडे पडले. आधीच हादरलेली माणसे स्वतःला आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्यांच्या लक्षात आले की या अफवा फिरत होत्या त्या भागात हादरा जाणवला होता, पण पडझड मात्र झालेली नव्हती. लोकांच्या पोटात भीतीचा गोळा होता आणि डोळ्यांसमोर भिण्याजोगे काहीच नव्हते. या दोहोंतली तफावत अफवेने भरून काढली. उलट, दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्यानंतर केलेल्या अभ्यासात, जिथे लोकांनी विध्वंस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, तिथे अशा भयंकर भाकितांचा सुळसुळाट दिसला नाही. फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या आणि जगभर शिकवल्या जाणाऱ्या मानसिक विसंगतीच्या सिद्धांताचे, म्हणजे मनात न जुळणाऱ्या दोन गोष्टी असल्या की माणूस अस्वस्थ होऊन त्यांचा मेळ घालू पाहतो या मांडणीचे, एक बीज या बिहारच्या अफवांत आहे.

हे वाचल्यापासून माझी एक धारणा पक्की झाली आहे. अफवेमुळे भीती निर्माण होते असे आपण समजतो, पण बहुतेक वेळा भीती आधीच घरात येऊन बसलेली असते आणि अफवा तिला नाव आणि चेहरा पुरवते. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून कितीतरी आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. अशा घरांतली मुले मागे आजी-आजोबांपाशी किंवा आश्रमशाळेत राहतात. मूल महिनोन्‌महिने नजरेआड ठेवणाऱ्या आईबापांच्या मनात काय चालत असेल, याचा विचार केल्याशिवाय त्या भागातील अफवेविषयी बोलू नये असे मला वाटते. यामुळे हत्येचे समर्थन होत नाही आणि होऊही नये. मात्र "अडाणी लोक, त्यांना काय कळते" हे शहरातल्या बैठकीत मी अनेकदा ऐकलेले वाक्य किती उथळ आहे, ते यातून दिसते. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तीन शिक्षक आणि एक डॉक्टर होते.

आता चेहऱ्याचा प्रश्न. भीतीला चेहरा हवा असतो, पण तो कोणाचा? ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९४७ मध्ये अफवेच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यातला एक प्रयोग मी वर्गात शिकवते तेव्हा मुले एकदम शांत होतात. एका चित्रात भुयारी रेल्वेच्या डब्यात गोरा माणूस आणि कृष्णवर्णीय माणूस समोरासमोर उभे आहेत आणि वस्तरा गोऱ्याच्या हातात आहे. एकाने चित्र पाहून दुसऱ्याला सांगायचे, दुसऱ्याने चित्र न पाहता तिसऱ्याला सांगायचे, अशी साखळी चालवली. निम्म्याहून अधिक वेळा साखळीत कुठे ना कुठे वस्तरा कृष्णवर्णीय माणसाच्या हातात गेला. कोणी ठरवून खोटे बोलले नव्हते. सांगणाऱ्याच्या मनात जी जागा आधीच तयार होती, तिथे वस्तरा आपोआप जाऊन बसला.

आपल्याकडे ती जागा झोळीवाल्याची आहे. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी दाखवून दिले की एखादे विधान नुसते पुन्हा पुन्हा ऐकले तरी ते अधिक खरे वाटू लागते, मग त्याला पुरावा असो वा नसो. "गोसावी झोळीत घालून नेईल" हे वाक्य मी वयाच्या सहा वर्षांपर्यंत किती वेळा ऐकले असेल? त्याच्या जोडीला सिनेमा होता. जत्रेत आईचा हात सुटलेला मुलगा, भीक मागायला लावण्यासाठी पोरांचे हातपाय तोडणारा खलनायक, काळ्या काचांची गाडी, हे सगळे हिंदी सिनेमाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला दाखवले. पुढे गुन्ह्यांवरच्या मालिकांनी तेच सत्य घटनेचे लेबल लावून घरात आणले. मी या सिनेमांवर आणि मालिकांवर प्रेम करत वाढले आहे, त्यामुळे त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची माझी इच्छा नाही. पण जिवावर उठलेल्या जमावाच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी जे चित्र असते, ते कोणी तरी आधीच चितारून ठेवलेले असते.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली चित्रफीत तर शब्दशः एक जाहिरात होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तिच्यात दिसते. ती कराचीतल्या एका संस्थेच्या बालसुरक्षेच्या मोहिमेसाठी तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक उघडून दाखवतात, कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो अशा अर्थाचा. कोणी तरी तो शेवट कापला. मुलांच्या काळजीपोटी केलेली जाहिरात काही सेकंद कमी झाल्याबरोबर माणसे मारणारी ठरली. देशात अशा अफवांतून त्या काळात वीसहून अधिक माणसे मारली गेली.

त्यानंतर हालचाली झाल्या. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या विरोधात निर्देश दिले आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितले. व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण आणली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले. अशा संदेशांचे प्रमाण त्यामुळे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. २०२१ च्या नियमांत सरकारने संदेशाच्या पहिल्या प्रेषकाचा माग काढण्याची तरतूद केली, ती कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हानित केली. खासगीपणाचा मुद्दा महत्त्वाचा आहेच, पण मला त्याहून साधी शंका आहे. कराचीच्या फितीचा पहिला प्रेषक सापडला तर तो एक सदिच्छा बाळगणारा कार्यकर्ता निघेल. मग पुढे काय करणार? पाचची मर्यादा मात्र मी चांगली मानते, कारण तिच्यामुळे बोट क्षणभर थांबते. पेनिकूक आणि रँड यांच्या २०२१ मधल्या संशोधनातही हेच दिसले की पुष्कळ लोक खोटी बातमी पुढे पाठवतात तेव्हा त्यांचे खरेखोटेपणाकडे लक्षच नसते, आणि त्यांना नुसती त्याची आठवण करून दिली तरी फरक पडतो. अठराव्या वर्षी माझ्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

मात्र व्हॉट्सॲपने घातलेले हे बांध जागेवर असताना, १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. टाळेबंदी होती, चोर आणि मुले पळवणारे रात्री हिंडतात अशी अफवा त्या भागात आधीपासून होती, आणि अंत्यविधीसाठी सुरतकडे निघालेल्या या साधूंची गाडी नाक्यावर अडवली गेली होती. पुन्हा अफवा, पुन्हा परका माणूस. राईनपाड्यानंतर पावणेदोन वर्षांनी तीच गोष्ट तशीच घडली.

या घटनेनंतर जे झाले, ते माझ्या प्रबंधाचा एक पूर्ण भाग व्यापून आहे. हत्येच्या चित्रफितीत एक आवाज ऐकू येत होता. काहींना त्यात "शोएब बस" असे ऐकू आले आणि दोन-तीन दिवसांत घटनेला धार्मिक रंग चढला. राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले की ते शब्द "ओय बस" असे आहेत आणि अटक झालेल्या १०१ जणांत एकही मुस्लीम नाही. मी ती ध्वनिफीत कानाला इअरफोन लावून अनेकदा ऐकली आहे. "शोएब" ऐकायचे ठरवले तर ते ऐकू येते आणि "ओय" ऐकायचे ठरवले तर तेही ऐकू येते. आगगाडीच्या डब्यातला वस्तरा इथे एका नावाच्या रूपाने दुसऱ्याच्या हातात गेला. जमावाला साधूंच्या जागी चोर दिसले होते आणि ते पाहून संतापलेल्या लोकांना जमावाच्या जागी दुसरेच कोणी ऐकू आले. यातल्या दुसऱ्या अफवेचे शिल्पकार सुशिक्षित होते, त्यांच्या हाती वाहिन्या आणि पक्षयंत्रणा होत्या, आणि तिच्याविषयी आपण अजून पुरेसे बोललेलो नाही.

म्हणून, लोकांना बातमी तपासायला शिकवले की प्रश्न सुटेल, या आशेवर मी पूर्णपणे विसंबून राहू शकत नाही. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमधील गया येथे १,२२४ जणांसोबत प्रयोग केला, त्यांपैकी काहींना घरी जाऊन तासभर असे प्रशिक्षण दिले आणि नंतर पाहणी केली, तर एकंदरीत फरक पडलेला दिसला नाही. सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांत तर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखण्याची क्षमता उलट कमी झालेली आढळली. शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत केलेल्या अभ्यासातही असे संदेश पसरवण्यामागे अज्ञानापेक्षा पूर्वग्रह अधिक असल्याचे दिसून आले. शाळकरी मुलांना आठवड्यांमागून आठवडे शिकवल्यास टिकाऊ परिणाम होतो, असे बिहारमधील नंतरच्या प्रयोगात आढळले, आणि ती बाब मला धीर देते, कारण झोळीची गोष्टही आपण मुलांना त्याच वयात सांगत असतो.

मार्चमध्ये मी प्रबंधाच्या कामातून आठ दिवस काढून गावी गेले होते. ज्वारीची काढणी संपली होती. दुपारी डौराचा आवाज आला. लहानपणी येणाऱ्या बाबांचा तो पुतण्या होता, चाळिशीचा असावा. अंगणात पाऊल टाकण्याआधी त्याने फाटकापाशीच उभे राहून खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आधार कार्ड काढले आणि दोन्ही हातांनी समोर धरले. मी नको नको म्हणेपर्यंत तो ओट्याजवळ आला, खांद्यावरची झोळी उतरवली आणि तिच्यातली एकेक वस्तू फरशीवर मांडू लागला. ज्वारी आणि गहू एकत्र झालेले दोन-तीन किलो धान्य, पिठाची गाठोडी, कोणी तरी दिलेला लहान मुलाचा गुंडी तुटलेला शर्ट, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, मोबाइलचा चार्जर आणि एक दोनशे पानी वही. वहीत तो ज्या गावात जाईल तिथल्या पोलीस पाटलाची सही घेत होता. तारीख, गावाचे नाव आणि सही, अशी सोळा पाने भरली होती.

"हे कोणी सांगितलं करायला?" मी विचारले.

"कुणी नाही, ताई. पोरांची आई सही बघते घरी गेल्यावर. मग झोपते."

आजी आता नव्वदीला टेकली आहे आणि तिला कमी दिसते. ती सूप घेऊन बाहेर आली, फरशीवर पसरलेल्या वस्तूंना तिचा पाय लागला, तशी ती थबकली. काय आहे ते तिने वाकून हाताने चाचपडून पाहिले. मग म्हणाली, "बाबा, हे समदं आत घाला आधी. दारात आलेल्यानं झोळी उपडी करू नये." त्याने वस्तू भराभर आत भरल्या आणि झोळीचे तोंड दोन्ही हातांनी उघडून धरले, आणि आजीने तिच्यात ज्वारी ओतली.